कंपाउंडवरून आयशे

"अगं, ही आयशा कोण?"

काकूंनी कंपाउंडवर दोन्ही कोपरं टेकवली आणि आवाज खाली घेतला. आमच्या गल्लीत आवाज खाली घेतला की समोरच्या वहिनींना हमखास ऐकू जातं. त्या गव्हाचं सूप घेऊन लगोलग आमच्या फाटकाशी आल्या.

"कोणती आयशा, काकू?"

"हे बघ, माझ्यापासून लपवू नको. रात्री खिडकी उघडी होती तुझी. फोनवर म्हणत होतीस, आयशेचं आज काहीही करून मिटवायचं, प्राचार्यांनी दोनदा विचारलं. कॉलेजातली पोरगी आहे का? पळून गेली का?"

"पोरगी नाही हो. फॉर्म आहे तो."

"फॉर्म?" वहिनींचा सुपातला हात थांबला. एवढी निराशा मी बारावीच्या निकालादिवशीही कोणाच्या तोंडावर पाहिलेली नाही.

मग बैजवार सांगणं भाग होतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती न पळालेली पोरगी गांधी चमन चौकापर्यंत पोहोचली असती. मी तालुक्याच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. रोज सकाळी जालन्याहून एसटीनं जाते, संध्याकाळी परत येते आणि वर्षातले काही आठवडे कॉलेजचं काम पिशवीत घालून घरी आणते. त्या आठवड्यांचं नाव आयशे. देशातल्या उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की आयशे होतं. २०१०-११ पासून सुरू आहे. प्रत्येक विद्यापीठानं, प्रत्येक कॉलेजनं आपली सगळी माहिती दिल्लीला कळवायची. पोरं किती, पोरी किती, कोणत्या प्रवर्गाचे किती, अपंग किती, मास्तर किती, शिपाई किती, परीक्षेला बसले किती, सुटले किती, पैसे आले किती, गेले किती. विद्यापीठाचा फॉर्म एक नंबरचा, कॉलेजचा दोन नंबरचा, आणि पॉलिटेक्निक, नर्सिंग, डी.एड. अशा विद्यापीठाला न जोडलेल्या संस्थांचा तीन नंबरचा.

"म्हणजे जनगणनाच की," काकू म्हणाल्या.

"तसंच काहीसं. फक्त मोजायला कोणी दारात येत नाही. आपलं आपणच मोजून पाठवायचं."

"आपलं आपणच?" काकूंनी डोळे बारीक केले. "मग कमी कोण सांगेल गं?"

काकू चौथी शिकलेल्या. पण आमच्याकडं कार्यशाळा घ्यायला जे तज्ज्ञ येतात, त्यांना इथपर्यंत पोहोचायला दीड तास आणि पस्तीस स्लाइडी लागतात.

"नाही सांगून चालत नाही का?" वहिनींनी विचारलं. त्यांचा मुलगा ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवतो, त्यामुळं कोणता फॉर्म टाळता येतो यात त्यांना रस.

"टाळून जाणार कुठं? प्रत्येक कॉलेजला एक कोड असतो, सी अक्षरानं सुरू होणारा. शिष्यवृत्तीच्या राष्ट्रीय पोर्टलवर कॉलेजची नोंद त्याच कोडवर. कॉलेजचा दर्जा ठरवणारे नॅकवाले आले की पहिल्यांदा आयशेचं सर्टिफिकेट मागतात. आणि विद्यापीठाचा नोडल अधिकारी यादी घेऊन बसलेला असतो, कोणी भरलं, कोणाचं राहिलं."

"आणि मुदत?"

"मुदत वाढते."

"मग रात्री कशाला जागायलीस?"

"वाढेल म्हणून थांबलेले सगळेजण शेवटच्या रात्रीच बसतात ना, काकू."

इतक्यात अप्पा पेपर घेऊन ओसरीवर आले. काकूंचे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त मुख्याध्यापकाच्या कानावर फॉर्म हा शब्द पडला की तो पेपर वाचू शकत नाही.

"काय भरायले बाई? तुमचं ते पीडीएफवालं का?"

पीडीएफ अप्पांना माहीत, कारण मागं एकदा त्यांच्याच पेन ड्राइव्हवर मी फॉर्म घरी आणला होता. बरीच वर्षं तसंच चालायचं. पोर्टलवरून कोरा पीडीएफ उतरवून घ्यायचा, आपल्या कम्प्युटरवर बसून भरायचा, पूर्ण झाला की परत चढवायचा. तेव्हा लाईट गेली, नेट गेलं, तरी फॉर्म आपल्याच खोक्यात सुखरूप असायचा. २०२०-२१ च्या सर्वेक्षणापासून ते बंद झालं. सरकारच्या एनआयसीनं वेब फॉर्म तयार केला आणि आता सगळं थेट पोर्टलवरच भरायचं. माझं मत विचाराल तर नवीन बरं आहे. जुन्यात एकाच कॉलेजच्या एकाच फॉर्मच्या चार प्रती चार कम्प्युटरवर असायच्या, आणि खरी कोणती यावरून स्टाफरूमपर्यंत भांडण. आता प्रत एकच. बेरीज बसली नाही की तिथल्या तिथं लाल अक्षरं येतात. फक्त नेट आमच्या तालुक्याचं आहे, म्हणून दिवसा माहिती गोळा करायची आणि रात्री गल्ली झोपली की भरायची.

"गल्ली झोपत नाही," वहिनी म्हणाल्या आणि काकूंकडं पाहिलं.

"आमच्या वेळेला हे नव्हतं," अप्पांनी सुरुवात केली. "नकाशे भरायचो आम्ही. शाई, पट्टी, रकाने. केंद्रप्रमुखाकडं द्यायचे. आणि तुमचे कॉलेजवाले गठ्ठे घेऊन विद्यापीठात जायचे."

ते खरं आहे. माझ्या आधीचे हेडक्लार्क सांगायचे, विवरणपत्रांचा गठ्ठा गमज्यात बांधून साठ किलोमीटर औरंगाबादला जायचं, पात्रता विभागाच्या टेबलावर ठेवायचा आणि पोचवर शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्या काळी गावही औरंगाबाद होतं आणि विद्यापीठाचं नावही नुसतं मराठवाडा. २३ ऑगस्ट १९५८ ला ते सुरू झालं. त्याच्या आधी इकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, आणि इथं उरले चार जिल्हे : संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. चार जिल्ह्यांतली चारशेच्या वर कॉलेजं, आणि प्रत्येकात माझ्यासारखं कोणीतरी रात्री लाल अक्षरांशी झटत बसलेलं.

"पण मी सांगतो," अप्पांनी पेपराची घडी घातली, म्हणजे आता ते लवकर थांबणार नव्हते, "फॉर्म कागदाचा असो का कम्प्युटरचा. आकडा मागितला की आकडा मिळतो. नाव मागितलं की घाम फुटतो. पटपडताळणी आठवते का तुम्हाला?"

"आली पटपडताळणी," काकू पुटपुटल्या. घरात ही गोष्ट बऱ्याच वेळा झालेली असावी.

पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सुरुवात नांदेडला झाली. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांतली पोरं एकाच वेळी मोजून घेतली आणि पटावरची पोरं वर्गात सापडेनात. मग सरकारनं तेच अख्ख्या राज्यात करायचं ठरवलं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११. सगळ्या शाळा एकदम, बाहेरच्या खात्यांची माणसं मोजणीला, आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानासारखी शाई. शाई कशाला, तर तेच पोरगं दुपारी शेजारच्या गावच्या पटावर दिसू नये म्हणून. राज्यभरात लाखांनी पोरं कागदावर जास्त निघाली. प्रकरण पुढं हायकोर्टात गेलं.

"आमच्या शाळेत दोन कमी भरली," अप्पा म्हणाले, "आणि त्या दोघांना गोवर आला होता. मी डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. पण शेजारच्या गावात एक खासगी शाळा होती. नाव घेत नाही. तिथं आदल्या रात्री ट्रॅक्टरनं पोरं आणली म्हणे. सकाळी हजेरी घेताना सरांना पोरांची नावं येईनात आणि पोरांना शाळेचं नाव येईना."

वहिनी खदखदून हसल्या. त्यांचा पळून गेलेल्या पोरीचा शोक संपला असावा.

"हसू नका. पोषण आहार त्याच पटावर, शिक्षकांची पदं त्याच पटावर, तुकडीचं अनुदान त्याच पटावर. पट कमी झाला की एक मास्तर अतिरिक्त होतो. मग पट कमी होऊ कोण देईल?"

हे मला पटलं, म्हणून मी त्यांना कॉलेजातली जोडकथा सांगितली. आयशेत पोरांचे नुसते आकडे मागतात, प्रवर्गवार, वर्षवार. पण मास्तरांची माहिती एकेकाची स्वतंत्र द्यावी लागते. नाव, जन्मतारीख, पद, पदवी, नेमणुकीचा प्रकार. मग त्याला आधार जोडायला सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये २०१६-१७ चा अहवाल आला, तेव्हा त्या वेळचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं की देशातल्या कॉलेजांत ८० हजार मास्तर एकाहून जास्त ठिकाणी नोकरीला असल्याचं दिसलं. आधीच्या वर्षी देशात १५ लाखांच्या वर शिक्षक होते. त्या वर्षी आकडा १३ लाख ६५ हजारांच्या आसपास आला.

"दीड लाख मास्तर गेले कुठं?" काकूंनी हनुवटीला हात लावला.

"गेले कुठं म्हणजे? सगळेच होते कुठं?" अप्पांचा आनंद पोटात मावेना. "भुतं होती ती."

"सगळी भुतं नसणार, अप्पा," मी म्हटलं. "ज्यानं तीन राज्यांत तीन पगारबिलांवर नाव लावलं तो भूतच. पण आमच्याकडं सीएचबीवाला पोरगा आहे. तासिका तत्त्वावर. नेट परीक्षा पास झालेला, पीएच.डी. झालेला. सकाळी आमच्याकडं दोन तास घेतो, मग मोटरसायकल काढतो आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात. एका कॉलेजच्या तासांवर घर चालत नाही. सुट्ट्यांत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. तो काही कोणाला फसवत नाही. दोन्ही ठिकाणी खडू त्याच्याच हातात असतो."

"मग त्याला एक धरायचं का दोन?" वहिनींनी विचारलं.

हाच प्रश्न मला रात्री पडतो. आमच्या फॉर्ममध्ये नेमणुकीच्या प्रकाराचा रकाना आहे, त्यात तो बसतो. पण कार्यक्रमात प्राचार्य सांगतात तेव्हा आमच्या कॉलेजात तो 'प्राध्यापक' असतो आणि पगाराची वेळ आली की 'तास'. 

नावं मागितल्यावर अप्पांच्या खात्यातही आकडा तसाच घसरला. शाळांची माहिती यू-डायसवर भरतात. २०२१-२२ पर्यंत शाळेनं बेरीज द्यायची, २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद करायची, जमेल तिथं आधारसकट. बेरीज होती तोवर देशात शाळेत जाणारी साडेसव्वीस कोटी पोरं होती. एकेक नाव भरायला लागलं आणि २०२३-२४ ला ती २४.८ कोटी झाली. मंत्रालयानं म्हटलं, पद्धत बदलली म्हणून आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. अप्पा म्हणाले, "कसली तुलना? हीच तर पटपडताळणी. फक्त शाईचा खर्च वाचला."

"तुमच्याकडं पोरांचं असं नाव मागत नाहीत का अजून?" काकूंनी मला विचारलं.

"आयशेत आकडेच. पण नावं दुसऱ्या वाटेनं यायला लागलीत." ते पुढं सांगायचं होतं, पण त्याआधी वहिनींनी मधेच फाटा काढला. त्यांच्या माहेरी, मंठ्याकडं, भाच्यानं बी.ए.ला नाव घातलंय आणि तो आहे साखर कारखान्यावर. "मग तो तुमच्या त्या फॉर्मात आहे का नाही?"

"आहे ना. पक्का आहे."

सर्वेक्षणाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी कॉलेजच्या रजिस्टरला ज्याचं नाव, तो मोजायचा. दिल्लीत बसून ठरवलेली तारीख चांगलीच आहे. तोवर बहुतेक प्रवेश संपलेले असतात. पण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यात सप्टेंबरअखेर आणि दसरा-दिवाळी यांच्यामध्ये एक गोष्ट घडते, ती दिल्लीला माहीत नाही. ऊसतोडीचा मुकादम आगाऊ उचल देऊन गेलेला असतो. दसरा झाला की ट्रॅक्टर, ट्रक लागतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, काही कर्नाटकाकडं निघतात. ३० सप्टेंबरला माझ्या रजिस्टरला जो द्वितीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी आहे, तो दिवाळीनंतर उसाच्या फडात असतो. पोर्टलवर मी त्याला खोटं मोजलेलं नाही. त्यानं फी भरली, फोटो दिला, त्याला शिष्यवृत्ती घ्यायचीय आणि परीक्षाही द्यायचीय. मुकादमाची परवानगी काढून तो पेपरला येतो, हाताला उसाच्या पात्यांनी कापलेलं असतं, आणि कधीकधी पासही होतो. आयशेत प्रवेश विचारतात आणि निकाल विचारतात. मधल्या पाच महिन्यांचा रकाना नाही.

"आणि त्याची बायको?" काकूंनी विचारलं. काकू नेहमी बायकोचं विचारतात.

हे मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, माणसावर नाही. म्हणून तर पोरांची लग्नं लवकर लावतात. एकट्याला कोण नेतंय? आता माझ्या रजिस्टरात बघा. तो एक. त्याची बायको बारावीला चांगली होती, आमच्याच ज्युनियर कॉलेजला होती, पुढं नाव घातलं नाही. ती माझ्याकडं शून्य. मुकादमाकडं निदान अर्धी तरी आहे.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वहिनींनी सूप पाखडलं आणि म्हणाल्या, "भाच्याचं लग्न नाही झालं अजून, बरं का." 

अप्पांना टक्केवारी आवडते, म्हणून त्यांनी विषय तिकडं नेला. पेपरात वाचलं होतं त्यांनी, देशात उच्च शिक्षणात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. मी सांगितलं, २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला, त्यात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी, त्यातल्या मुली २ कोटी ७ लाख. प्रमाण २८.४ टक्के, आणि महाराष्ट्राचं पस्तिसाच्या वर.

"शंभरातली अठ्ठावीस पोरं कॉलेजात?"

"तसं अगदी नाही. खाली भागतात अठरा ते तेवीस वयाची लोकसंख्या. वर घेतात शिकणारे सगळे, वय कितीही असो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात तुम्ही उद्या नाव घातलं, अप्पा, तर तुम्हीही वर."

"मी?"

"तुम्हीही. आणि खालची लोकसंख्याही मोजलेली नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून २०११ वरून काढलेला अंदाज."

"म्हणजे वर अंदाजे माणसं, खाली अंदाजे माणसं," काकू म्हणाल्या, "आणि मधी पॉइंट चार."

मला काकूंचा हा स्वभाव आवडतो, पण इथं त्या जरा अन्याय करतात. वरची माणसं अंदाजे नाहीत. ती मी मोजते. अनुसूचित जातीच्या मुली किती हे बघायला मी जातीच्या दाखल्यांची फाईल काढते, ईडब्ल्यूएसचे किती ते वेगळे, मुस्लिम अल्पसंख्याक किती ते वेगळे. एखाद्या वर्षी आमच्याकडं तांड्यावरच्या मुलींचा आकडा वाढला की मला घरी येईपर्यंत बसमध्ये बरं वाटतं. हे अनुदानासाठी नाही. त्या मुलींपैकी दोघी रोज त्याच बसला असतात. आकडे खोटे नसतात. ते ३० सप्टेंबरचे असतात, एवढंच.

"ते नावांचं काय म्हणत होतीस?" काकूंनी धागा सोडला नव्हता. त्यांचा आवाज पुन्हा खाली आला, आणि मला तेव्हा कळलं की आयशा वगैरे सगळा मांडव होता. लग्न दुसरंच होतं.

"नावांचं असं, की २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. पोरानं कमावलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यात जमा होणार. त्याला बारा आकडी नंबर, आता अपार म्हणतात. आमच्याकडं संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागलं, तसा तो नंबर ज्याला त्याला लागतो. आणि तो नंबर आधारवरून निघतो."

"मग?"

"मग मजा. आपल्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. कम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. शेखचं स्पेलिंग दहावीला एक, टीसीवर दुसरं, आधारवर तिसरं. एका वर्गात राठोड इतके की नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखं असलेले दोन निघतात, आणि एकाची क्रेडिट्स दुसऱ्याला जाऊ नयेत म्हणून मी जन्मतारखा लावून बसते."

"आता तर आईचंही नाव लावतात ना?" वहिनी म्हणाल्या. मुलाच्या केंद्रावर हे रोज कानावर पडत असावं.

"लावतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ती बाळं कॉलेजात येतील तेव्हा मी पेन्शनवर असेन, देवाची कृपा."

"आणि बाईचं लग्न झालेलं असलं तर?" काकूंनी एकदम विचारलं.

आलं लक्षात. काकूंच्या सुनेला बी.ए.चं तिसरं वर्ष करायचंय. दोन वर्षं लग्नाआधी माहेरच्या नावानं झालेली, मग खंड पडला. आता ती पुन्हा बसणार, आणि पाठबळ सासूचं, हे मला आजच कळलं. काकू चौथीनंतर घरी बसल्या त्या बसल्याच, पण सुनेनं कागदपत्रं जमवली तेव्हा फायलीला स्वतः दोरी बांधून दिली म्हणे.

"नंबरच निघंना बाई तिचा. दोन वेळा करून बघितलं. ते म्हणतंय नाव जुळत नाही."

"मार्कमेमोवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कसं जुळेल? आधारवर कोणी बदललं?"

काकूंनी मागं वळून पाहिलं. अप्पांनी पेपर पुन्हा उघडला होता, आणि तो उलटा होता.

"लग्नाच्या पहिल्या महिन्यात," काकू म्हणाल्या, "हेच घेऊन गेले तिला. रेशनकार्डात नाव घालायचंय म्हणे, लगेच बदलून टाकू. मी म्हटलं होतं, राहू द्या, घाई काय आहे. मुख्याध्यापक होते ना. रकाना रिकामा दिसला की भरल्याशिवाय राहवत नाही."

"कुटुंबात एक नाव असावं," अप्पा पेपरामागून म्हणाले.

"कुटुंबात आहे की. कॉलेजात नाही ना." काकू माझ्याकडं वळल्या. "आता काय करायचं सांग."

मी सांगितलं, दोन वाटा आहेत. एक, आधारवर माहेरचं नाव परत आणायचं आणि तसंच ठेवायचं. रेशनकार्डाचं नंतर बघू. दुसरी, नवीन नावच चालवायचं असेल तर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र लावायचं, नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घ्यायचं आणि मग कॉलेजमार्फत विद्यापीठाकडं नाव दुरुस्तीचा अर्ज. लांबची वाट आहे, पण कायमची आहे. मी म्हटलं, पहिली करा. पोरीच्या दहावीपासूनच्या सगळ्या कागदांवर जे नाव आहे तेच राहू द्या.

"लग्नाचं सर्टिफिकेट आहे ना?" वहिनींनी विचारलं. "आमच्या पोराकडं द्या, राजपत्राचा अर्ज तो ऑनलाइन करतो."

काकूंनी पुन्हा मागं पाहिलं.

"पत्रिका आहे," अप्पा म्हणाले. "अल्बम आहे."

"नोंद केली का नोंद?"

"ते राहिलंच." अप्पा उठले. "नळ आलेला दिसतोय. मी हंडे लावतो."

"नळ परवा येऊन गेलाय!" काकू ओरडल्या. "आठ दिवस येत नाही आता. तुम्ही बसा. आणि पोरी, तू त्या आयशेत तिला धरलीस का नाही ते सांग. तीस सप्टेंबरच्या आत नाव घातलंय मी तिचं, पावती आहे माझ्याकडं. तुझ्या कॉलेजात नाही, जालन्यातच घातलंय, पण कोणीतरी धरलं असेल ना?"

"त्यांच्या हेडक्लार्कनं धरलं असेल, काकू."

"विचारून ठेव. ओळखीचा असेल तुझ्या. म्हणावं, तृतीय वर्ष कला, लग्न झालेली, एक मूल आहे, आणि रोज येणार आहे वर्गात. मी डबा देते."